जुबेदाआपाचा काठ

इकडे ये गं शुभा. लांबून काय वाचतेस, माझं पत्र काही चावत नाही. चष्मा लाव, तो फोन उपडा ठेव आणि नीट ऐक. गणपतीत आलीस ती वाऱ्यासारखी, गेलीस तीही तशीच. तुझी दोन्ही पोरं माझ्या दाराला लोंबकळत होती म्हणून त्यांना धपाटे घातलेस, आणि चपला घालता घालता मला विचारलंस, "मावशी, एवढं देखणं दार, त्याच्या कडेला ही खोच कसली गं? आणि तिच्यात पिवळं काय भरलंय?" मी तोंड उघडते तोवर तू रिक्षात! प्रश्न विचारायचा आणि उत्तराला थांबायचं नाही, ही कुठली रीत? अगं, ती खोच दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही. तिच्यात आख्खी जुबेदाआपा बसलीय.

तू आपाला लहानपणी पाहिलं असशील, पण आठवत नसेल. आपल्या घरासमोर ती पत्र्याची शेड आहे ना, आता कुलूप लावलेली, ती तिची. तिचे मिया हनीफमिस्त्री लूमचं लाकडी काम करायचे. लूम कितीही लोखंडाचा असो, धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा मारणारा दांडा लाकडाचाच. तो मोडला की कारखानदार हातातला घास टाकून मिस्त्रींच्या दारात. आणि ते दांडे रंधून तासून द्यायची कोण, तर आपा. मिस्त्री गेले. मागोमाग आसपासचे लूमही एकेक करून भंगारात गेले. दुसरी कुणी असती तर शेड गोडाऊनवाल्याला भाड्याने देऊन निवांत बसली असती. आपल्या कोन गावात दुसरं केलंय काय लोकांनी? पण ही बाई दारं करायला लागली. दारं, चौरंग, पाट, देव्हारे. देव्हारा करायला सांगणारा माणूस जरा बिचकायचा, तर हीच त्याला म्हणायची, "देव तुझा, माप माझा. घाबरतोस कशाला?"

दिसायला कशी? बुटकी, रुंद, ओढणी कमरेला खोचलेली आणि अंबाड्यात पेन्सिल. त्या पेन्सिलीवाचून मी तिला फक्त ईदच्या दिवशी पाहिलं, आणि तेव्हासुद्धा ती बोलता बोलता डोक्यामागे हात नेऊन चाचपत होती. आवाज असा की तिने शेडमध्ये "या अल्ला" म्हटलं तर आमच्याकडे कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. कामाला येणाऱ्या भय्यांशी हिंदी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि लाकडाशी तिच्या माहेरची कोकणी. हो, लाकडाशी बोलायची ती. लाकडांची नातीसुद्धा लावली होती. सागवान म्हणजे जावई, महाग पडतो, पण घराची शोभा. बाभूळ म्हणजे नणंद, टणक, टोचून बोलणारी, पण वेळेला उभी राहणारी. आणि प्लाय म्हणजे पाहुणा. "दोन पावसाळे राहिला की फुगून बसतो वैनी, मग हाकललास तरी जात न्हाय."

रोज चारला चहा प्यायला आपल्याकडे यायची आणि रोज नावं ठेवायची. "वैनी, तुझी चाय म्हंजे गरम पाणी शरमेनं लाल झालेलं." असं म्हणून दुसरा कप मागायची. तुझे काका म्हणायचे, "आपा, आवडत न्हाय तर पितेस कशाला?" तर म्हणे, "सुधारते का ते बघायला येते."

पण तिची खरी खोड वेगळी होती. जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूत बसवता येते, असं तिचं ठाम मत होतं. मधे फक्त बुश घालायचा. बुश म्हणजे काय, तर पोकळ नळीचा तुकडा. बारीक वस्तू जाड भोकात हलायला लागली की मधे जागा भरायला घालतात तो. काकांच्या काठीला तिने लूमच्या कातड्याचं बूड बसवलं. मशिदीच्या नळाला एका तोटीचं डोकं आणि दुसऱ्या तोटीचं धड. माझ्या छत्रीला बॅडमिंटनच्या रॅकेटची मूठ, ती अजून आहे, पावसात बाहेर पडले की पोरं मला "सर्व्हिस कोणाची" विचारतात. फेकायचं म्हणून काही नाहीच. "फेकू नको वैनी, बसवू कुठंतरी."

एकदा माझ्या मिक्सरचं भांडं फुटलं. जुनं मशीन, त्याचं भांडं बाजारात मिळेना. आपाने कुणाकडून तरी दुसऱ्याच कंपनीचं भांडं आणलं, खाली काळ्या रबराची चकती कापून बसवली आणि म्हणाली, "चालू कर." मी म्हटलं, "आधी रिकामं फिरवून बघूया का?" तर माझ्यावरच डाफरली, "माझ्या कामावर भरोसा न्हाय तुझा?" मी खोबऱ्याची चटणी घातली, बटण दाबलं. शुभा, चटणी छताला! भांडं एकीकडे, झाकण एकीकडे, आणि आपाच्या भुवयांवर कोथिंबीर. ती शांतपणे बोटाने गालावरची चटणी चाटत म्हणाली, "मीठ कमी हाय." करून बघायचं नाही, थेट कामाला लावायचं, हा तिचा हट्ट. त्यापायीच पुढचं सगळं झालं.

आता दाराकडे येते. घाई करू नकोस.

माझ्या नितीनचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, हळदीच्या आत घराला नवं दार पाहिजे. आपल्यात हळदीला किती माणूस लोटतं ते तुला सांगायला नको. लग्न एकवेळ कोणी चुकवेल, हळद चुकवणार नाही, तू एकटीच चुकवलीस. काम अर्थात आपाला. सागवानाचं, दोन झडपांचं दार, आणि कडेने आपाचा काठ.

हा काठ म्हणजे असं बघ. दाराच्या कडेला एक जाड गोलवा, त्याला लागून एक बारीक पायरी, आणि मग पुन्हा नाजूक गोलवा. आपल्या गल्लीत ज्या ज्या दाराला हात लावशील तिथे तो लागेल. राउटर नावाचं मशीन असतं, त्याच्या तोंडात बिट घालतात. बिट म्हणजे दांडीला पातं लावलेलं. ते गरागरा फिरतं आणि लाकडाच्या कडेला नक्षीचा काठ काढतं. पण हा काठ काढणारं बिट बाजारात मिळत नाही. हनीफमिस्त्रींनी साधं बिट आणून, सहाणेवर घासून घासून, त्याला हा आकार दिला होता. त्यांनी दुसरं तसं केलंच नाही. आपा ते बिट जुन्या अत्तराच्या डबीत कापसावर ठेवायची. मी एकदा चिडवलं होतं, "आपा, दागिने कुठे असतात गं तुझे?" तर म्हणाली, "खिळ्यांच्या डब्यात."

एक झडप झाली. काय सुरेख झाली! आणि दुसरीला हात घालायच्या दिवशी मिस्त्रींचं जुनं राउटर धूर सोडून गप्प झालं. पार जळलं.

नेमकी तेव्हा आपाची मुलगी रेहाना चिपळूणहून आली होती. शाळेत शिकवते ती, बोलणंही तसंच, तुम्ही उभे असलात तरी बसावंसं वाटेल. ती कधीपासून आईच्या मागे लागली होती की आता पुरे, माझ्याकडे राहायला चल. मशीन जळालेलं पाहून तिचा चेहरा असा खुलला की मला हसू आवरेना. "संपलं ना अम्मी? मशीनच म्हणतंय घरी जा."

आपा सरळ रिक्षात बसून निघून गेली. दुपारी परत आली ती मांडीवर भलंमोठं राउटर घेऊन. अंजूरला कुणी फर्निचरवाला आपलं सामान काढून टाकत होता, त्याच्याकडून आणलेलं. जुन्या मशीनच्या दुप्पट. रेहाना बघतच राहिली. मग मला साक्षीला बसवून मायलेकींचा करार झाला. रेहाना म्हणाली, "सुमनकाकी, तुम्ही ऐका. या मशीनने हिच्या अंगावर एक ढलपी जरी फेकली, तरी मी हिला घेऊन जाणार. शेड बंद, कुलूप माझं."

"आणि न्हाय फेकली तर?"

"तर तू राहा."

"कायमची?"

"तुझा हात चालतोय तोवर."

आपाने माझ्याकडे बघून डोळा मारला. वरून दाखवत नव्हती, पण त्या शेडबाहेर तिला चार दिवस करमायचं नाही, हे मला माहीत होतं. ती शेड गेली असती तर ती बाई चिपळूणला खिडकीपाशी बसून मोडून गेली असती.

दुसऱ्या दिवशी रेहाना भिवंडीत मावशीकडे गेली. आपाने दार टेबलावर घेतलं, डबीतून बिट काढलं, नव्या मशीनच्या तोंडात घातलं, आणि ते आत खुळखुळ वाजलं. मोठ्या मशीनचं तोंड जाड दांडीसाठी, बारा मिलिमीटरचं. मिस्त्रींच्या बिटाची दांडी पाव इंच, त्याच्या निम्मी. आपा म्हणाली, "मधे काहीतरी पाहिजे."

"मग बुश कर ना," मी म्हटलं.

"लेथवर जा, रांगेत बस, दोन दिवस गेले. तुझी हळद थांबंल?" असं म्हणून तिने थंड पेयाचा डबा कापला आणि त्याचा पत्रा दांडीभोवती गुंडाळायला लागली. एक वेढा, दुसरा वेढा, तोंडात गच्च बसेपर्यंत. मग पान्याने आवळलं. हलवून बघितलं, हलेना.

"आपा, आधी एखाद्या तुकड्यावर..."

"वैनी, तू बटणाजवळ उभी राहा. बंद म्हटलं की बंद."

मशीन सुरू झालं. पहिला वीतभर काठ असा निघाला की मी तोंडात बोट घातलं. मग आवाज बदलला. पत्रा सैल व्हायला लागला असावा, बिट हळूहळू तोंडातून खाली सरकत होतं, आणि जसं सरकेल तसं लाकडात खोल उतरत होतं. काठाची पायरी गेली, गोलवा गेला, नुसती दरी व्हायला लागली. "बंद!" आपा ओरडली. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी टण्ण झालं. मशीन थांबलं तेव्हा त्याच्या तोंडात बिट नव्हतं.

आम्ही दोघींनी आधी एकमेकींना चाचपून बघितलं. मग सगळी शेड धुंडाळली. टेबलाखाली, फळ्यांमागे, चहाच्या कपात. बिट नाहीच. आपा एवढीशी झाली. मला म्हणाली, "तेवढंच होतं गं त्यांच्या हातचं."

संध्याकाळी रेहाना आली. आपाने झडप भिंतीला उलटी टेकवली आणि मला त्या खोचेपुढे उभं केलं. रेहाना म्हणाली, "बसा ना काकी." मी म्हटलं, "गुडघे दुखतात, बसलं की उठवत नाही." मग ती स्वतः बसली. भुश्याच्या पोत्यावर. आणि अशी किंचाळून उठली की समोरच्या दुकानातला माणूस धावत आला!

बिट भुश्यात जाऊन बसलं होतं. पातं वर करून.

रेहानाने पोत्यात हात घालून ते काढलं, नाकासमोर धरलं, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे. "सरका काकी." मी सरकले. खोच बघून झाल्यावर ती म्हणाली, "ढलपी नाही अम्मी. तू तर आख्खं बिट फेकलंस. बॅग भर."

मला वाटलं, आता रणधुमाळी. पण आपा आयुष्यात पहिल्यांदा भांडली नाही. म्हणाली, "भरते. पण सुमनचा दार अर्धा टाकून कशी येऊ? दुसरी झडप पुरी करू दे. हरले मी, येते तुझ्यासोबत."

हिने हार मानल्यावर रेहानाचाच राग निम्मा झाला. तिने जमिनीवर पडलेला चुरगळलेला पत्रा उचलला. "पत्रा गुंडाळून? अब्बांनी कधी पत्रा गुंडाळला असता?" मग ती जळलेल्या जुन्या मशीनजवळ गेली, त्याच्या तोंडातली ती घट्ट धरणारी नळी उघडून काढली आणि आम्हाला दाखवली. नळीला उभ्या चिरा होत्या. "लहानपणी अब्बा माझ्याकडून या चिरांतला भुसा फुंकून घ्यायचे. मी विचारायचे, याला चिरा कशाला? ते म्हणायचे, मूठ आवळायची तर बोटं सुटी पाहिजेत."

आपा म्हणाली, "मला कधी न्हाय सांगितलं."

"तू कधी विचारलंस?"

सकाळी दोघी लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेल्या. मीही गेले, मला कशाला घरी बसवेल? रेहानाने तोंडी माप दिलंच नाही, रिक्षातून आणलेलं मशीन आणि पर्समधलं बिट दोन्ही लेथवाल्यापुढे ठेवलं. तरी आपाची घाई. ती लेथवाल्याला म्हणाली, "पोलादाचा तुकडा घे, बाहेरून या मापाचा, मधे आरपार भोक. झालं." त्याने तसा करून दिला, चकचकीत. बिट त्यात मऊसूत गेलं. पण तोंडात घालून कितीही आवळलं तरी बिट बोटाने फिरतंच. का? तर सगळा दाब त्या पोलादाच्या कड्यानेच खाल्ला, आतल्या दांडीपर्यंत पोचलाच नाही. रेहाना नुसती हाताची घडी घालून उभी. आपाने वर छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच लेथवाल्याला म्हणाली, "एका बाजूनं उभी चीर पाड. वरून खालपर्यंत." ती चीर पाडल्यावर तोच बुश आवळला की मिटायचा आणि दांडीला असा धरायचा की काय सांगू, जणू जत्रेत आईने पोराचं मनगट धरावं!

शेडमध्ये आल्यावर रेहाना मास्तरीणच झाली. बिट आत तळाला टेकू द्यायचं नाही, किंचित वर उचलून मगच आवळायचं. बुशाच्या तोंडापाशी दांडीवर पेन्सिलीची रेघ मारायची. आणि आधी फुकटच्या तुकड्यावर काठ काढून, मशीन थांबवून, वायर काढून रेघ बघायची. रेघ जागची हलली तर बिट सरकलं, पुन्हा नीट बसवायचं. आपा कुरकुरत होती, "चटणीएवढ्या कामाला एवढा तमाशा!" पण अंबाड्यातून पेन्सिल काढून तिनेच रेघ मारली. तुकडा झाला, रेघ जागच्या जागी. दुसरा तुकडा, रेघ जागच्या जागी.

मग झडप. निम्मी आपाने केली, आणि एकदम मशीन रेहानाच्या हातात देऊन म्हणाली, "धर, मला चाय प्यायचीय." खोटं! आमच्याकडे चहाला आलीच नाही, दारात उभी राहून बघत राहिली. रेहानाने उरलेला काठ काढला. मग दोन्ही झडपा शेजारी ठेवून तिने डोळे मिटले आणि अंगठा जुन्या काठावरून नव्या काठावर नेला. पुन्हा नेला. मी बघत होते. जोड कुठे आहे ते तिलाही कळत नव्हतं.

डोळे उघडून म्हणाली, "खोच भरायची नाही. तशीच राहू दे. समोर आहे, अम्मीला रोज दिसली पाहिजे."

"रोज म्हंजे?" आपाने विचारलं. "मी तर चिपळूणला ना?"

"सुट्टी संपली माझी. मी उद्या जाते. तू रेघ मारल्याशिवाय मशीन चालू केलंस तर काकी मला फोन करतील."

एवढंच. मायलेकी मिठ्या वगैरे मारणाऱ्यातल्या नव्हेत. आपा मला म्हणाली, "वैनी, आज तुझी चाय जरा बरी दिसतेय."

हळदीला दार लागलं. आलेली प्रत्येक बाई त्या खोचेत बोट घालून विचारायची, "यो काय झाला गो?" आणि सगळ्यांची बोटं हळदीची. म्हणून ते पिवळं, शुभा. दोन पावसाळे झाले, जात नाही. मी पुसतही नाही. आणि लेथवाल्याकडून घाईत तो बुश करवताना, चीर पाडायच्या आधीच, आपाने म्हणे राखीव म्हणून त्याचा जोडीदारही करवून घेतला होता. बिनचिरेचा, बिनकामाचा. तो माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

मग गेल्या वर्षी एके दिवशी चारच्या चहाला रेहानाचा फोन आला. आपाने स्पीकर लावला, तिला सगळं गल्लीला ऐकवायची सवय. "अम्मी, नवं घर घेतलंय. इथला सुतार दाखवतो ते काठ मला नकोत. मला अब्बांचा काठ पाहिजे. येशील?"

"राहायला?"

"कामाला."

आपाने दोन घोट घेतले. "मजुरी परवडंल तुला?"

"जेवूनखाऊन."

"चाय कोण करणार?"

"मी."

"मग मजुरी वाढव," आपा म्हणाली, आणि त्याच आठवड्यात निघाली.

टेम्पो दाराशी उभा होता. पुढच्या सीटवर आपा, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं राउटर. ड्रायव्हरने पट्टा लावायला सांगितला तर तिने तो मशीनला लावला. "माझं काय, मी धरून बसंन." गाडी सुरू झाली, आणि लगेच थांबली. आपा खाली उतरली, ओढणी सावरत आपल्या दारापाशी आली. माझ्याकडे न बघता दोन्ही झडपा ओढून लावल्या, अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि झडपेवरून चौकटीवर जाईल अशी एक आडवी रेघ मारली.

"वैनी, लाकूड हाय. आपल्याच वजनानं उतरतं. झडपेवरची रेघ चौकटीवरच्या रेघेला मिळेनाशी झाली की फोन कर. मी येईन दुरुस्तीला. उगाच बोलावू नको, माझ्यामागं कामं हायत." खोचेवरून एकदा अंगठा फिरवला आणि गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही मेलीने.

रेहानाची दारं कधीच झाली. मग खिडक्या निघाल्या, मग शेजाऱ्यांची दारं. "ऑर्डर संपली की येते," म्हणते. ऑर्डर काही संपत नाही, आणि चहाला चारला मी एकटीच दोन कप करते, एक गार होतो.

मी रोज सकाळी ती रेघ बघते. जशीच्या तशी! झडप केसभर उतरलेली नाही. इतकं चोख कशाला बसवायचं गं दार? मी जातायेता त्याच्यावर रेलते, दुपारी पाठ टेकून बसते, काकांनाही टेकायला लावते. काही उपयोग नाही.

म्हणून सांगते, तू आता लवकर ये. मे महिन्याची वाट बघू नकोस. दोन्ही पोरांना घेऊन ये, चांगली भरपूर जेवू घालते. आणि या वेळी ती दाराला लोंबकळली तर धपाटे घालायचे नाहीत.